आसनाला अनुदान, वैमानिकाला बॉण्ड

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून निघालेलं अलायन्स एअरचं एटीआर, म्हणजे सत्तर आसनांचं पंख्याचं विमान, अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर उतरलं आणि विदर्भाच्या नकाशावर आणखी एक विमानतळ सुरू झाला. सोहळ्याला मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री सगळे हजर होते. तिकीट किती, आठवड्यातून किती फेऱ्या, मुंबईला पोचायला किती वेळ, हे सगळं छापून आलं. अशा विमानाच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीवर बसणारा पोरगा किंवा पोरगी तिथवर कुणाच्या पैशाने पोचते, हे मात्र आपल्याकडे कुणी विचारत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा मामला समजला जातो. मला तो सार्वजनिक प्रश्न वाटतो.

‘उडान’ योजनेत सरकार प्रादेशिक मार्गांवरच्या तोट्याची भरपाई करतं. ठराविक आसनांचं भाडं मर्यादेत ठेवायचं (योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार) आणि त्यातून येणारी तूट तीन वर्षं सरकारने सोसायची. हा पैसा मुख्य मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या अधिभारातून आणि राज्यांच्या तिजोरीतून येतो. आपल्या मार्गांपुरता महाराष्ट्राचा वाटा २० टक्के. मुंबई-दिल्ली विमानात बसणारा माणूस अमरावतीच्या प्रवाशाच्या तिकिटाला थोडा हातभार लावतो, एवढाच याचा अर्थ. त्यात गैर काही नाही. चालू मार्गाच्या गल्ल्यातून आडगावची फेरी काढणं एसटीने वर्षानुवर्षं केलंय. पण उडानच्या या हिशेबात आसन आहे, इंधनावरची करसवलत आहे, विमानतळाच्या शुल्काची माफी आहे. वैमानिक घडवण्याचा खर्च कुठेच नाही. तो एकेका कुटुंबाच्या डोक्यावर आहे.

‘पायलट म्हणजे श्रीमंतांची पोरं’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो, म्हणून हा खर्च जरा नीट मांडतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वय अठरा पूर्ण, क्लास वन मेडिकल, डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे पेपर, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण, एवढं झालं की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, हातात येतो. भारतातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये याला साधारण ४० ते ६० लाख लागतात. पावसाळ्यात उड्डाणं रखडली, शिकवणारे कमी पडले, विमान दुरुस्तीला गेलं, की तेवढे महिने राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. आणि ते २०० तास झालेले असतात बहुतांशी एका इंजिनाच्या सेस्नासारख्या विमानावर. त्या अनुभवावर कुणी सत्तर माणसांचं विमान हातात देत नाही, देऊही नये. प्रवासी विमान चालवायचं तर त्या त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं: आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग परीक्षा, मग प्रत्यक्ष विमानावरची लँडिंग. त्याचे आणखी १२ ते २० लाख. मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट योजनांत हे सगळं एकत्र बांधून मिळतं, तिथे आकडा कोटीच्या पुढे जातो.

डोंबिवलीत किंवा कल्याणात राहणाऱ्या नोकरदार घरासाठी याचा अर्थ एकच: राहतं घर गहाण. तारणाशिवाय मिळणारं शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांवर थांबतं. त्यापुढे बँक घराचे कागद मागते. ज्याचं घर भाड्याचं, त्याचा विषय तिथेच संपला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीत सीपीएलचा अभ्यासक्रम पहिल्याच गटात घातलेला आहे, ही चांगली गोष्ट. पण ती मदत परवान्यापुरती. परवाना आणि पहिली नोकरी यांच्यामधली जी दरी आहे, तिच्यात पडणाऱ्यांसाठी कुणाकडेच काही नाही.

आणि ही दरी खोल आहे. २०२३ साली डीजीसीएने १६०० हून अधिक सीपीएल दिले, तोवरचा तो उच्चांक होता. बातमी ‘देशाला वैमानिक हवेत’ अशी झाली. देशाला हवेत ते कॅप्टन. २०० तासवाल्या पोरांची रांग तर आधीच मोठी आहे. त्यातच १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दोन्ही मुंबईच्या कंपन्या. अंधेरी-सांताक्रूझ पट्ट्यातल्या कितीतरी घरांत त्या वर्षांत हप्ते थकले. हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नोकरी शोधायला बाहेर पडले आणि नवखे रांगेत आणखी मागे ढकलले गेले. बसून राहणं फुकट नसतं. क्लास वन मेडिकल दरवर्षी करावं लागतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं (बाहेर काही दिसत नसताना उपकरणांवर उडण्याच्या परवानगीचं) नूतनीकरणही दरवर्षी. नोकरी नसली तरी परवाना जिवंत ठेवायला पैसे ओतत राहायचे. एखाद्या कॉमर्सच्या पदवीधराला घरी बसल्याबद्दल दंड होत नाही; याला होतो.

अशा वेळी प्रादेशिक कंपनीची जाहिरात निघते. अलायन्स एअर, फ्लाय ९१ किंवा त्यांच्यासारखी एखादी. घरी आनंद होतो, पण जरा कमी. “पंख्याचं विमान का रे?” असं काकू हमखास विचारते. तिला जेट म्हणजे खरं विमान वाटतं. गंमत म्हणजे नोकरी देणाऱ्यांच्या जगातही हाच समज थोड्या सभ्य शब्दांत आहे: जेटचे तास मोलाचे, टर्बोप्रॉपचे, म्हणजे पंख्याच्या विमानाचे, दुय्यम.

तो समज मला पटत नाही. एटीआर २५ हजार फुटांच्या वर जात नाही. जेट बऱ्याचशा पावसाळी ढगांच्या डोक्यावरून निघून जातं. एटीआरला जूनमधला सह्याद्री त्या ढगांमधून किंवा त्यांना वळसा घालून ओलांडावा लागतो. त्याला ऑटोथ्रॉटल नाही, शक्ती हाताने कमी-जास्त करावी लागते. छोट्या विमानतळांवर धावपट्टी आखूड, उतरायला मदत करणारी यंत्रणा बेताची, हवामानाची माहिती मोजकी. दिवसाला चार-पाच सेक्टर, म्हणजे चार-पाच वेळा उड्डाण आणि तेवढ्याच वेळा उतरणं, मध्ये विमान जमिनीवर जेमतेम अर्धा तास. लांब पल्ल्याच्या जेटवरचा सहवैमानिक महिन्यात जेवढी लँडिंग करत असेल, तेवढी इथे काही दिवसांत होतात. हात बसायला यापेक्षा चांगली जागा नाही. पगार मात्र जेटवाल्याहून कमी, आणि सही करायला पुढे येतो तो बॉण्ड.

बॉण्डची भाषा सगळीकडे सारखीच. टाइप रेटिंगचा खर्च आम्ही केला (किंवा अर्धा केला, किंवा तुझ्याकडून घेतला आणि तरीही), आता इतकी वर्षं आमच्याकडेच राहायचं; आधी गेलास तर इतके लाख भर. वर २०१७ पासून डीजीसीएचा नियम आहे: राजीनामा दिल्यावर सहवैमानिकाने सहा महिने आणि कॅप्टनने वर्षभर काम करायचं. इतकी लांब नोटीस देणारा दुसरा नोकरदार मला तरी ठाऊक नाही. कंपनीला बंद पडताना अशी नोटीस द्यावी लागत नाही.

तरीही कंपन्यांना खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांच्या बाजूने आकडेमोड करून पाहा. एका वैमानिकाला वर्षात जास्तीत जास्त १००० तास उडता येतं. प्रत्यक्षात सात-आठशे होतात. २०० तास घेऊन आलेला मुलगा दोन वर्षांच्या आत-बाहेर १५०० तासांना पोचतो आणि एटीपीएल म्हणजे कॅप्टन होण्याचा परवाना मिळवायला पात्र ठरतो. ज्या क्षणी तो कंपनीच्या खऱ्या उपयोगाचा होतो, त्याच क्षणी तो मोठ्या कंपनीच्याही उपयोगाचा होतो, आणि मोठी कंपनी जास्त पगार देते. वर्षभर त्याला शिकवणारे ट्रेनिंग कॅप्टन, सिम्युलेटरचे तास, लाइन ट्रेनिंगच्या फेऱ्या, सगळा खर्च छोटीने केलेला. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पुरते लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा वैमानिकांची गणितं किती काठावर मांडलेली असतात ते साऱ्या देशाने पाहिलं. नियम योग्यच होते. दमलेल्या माणसाने विमान उतरवू नये. पण आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली की तेवढ्याच उड्डाणांना जास्त माणसं लागतात, आणि मोठ्यांना माणसं लागली की ती कुठून येणार? जिथे तयार होतात तिथूनच.

तर छोटी कंपनी बॉण्ड घालते कारण माणूस निसटतो. माणूस निसटतो कारण पगार कमी आणि कर्ज जास्त. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मधल्या मध्ये विमानाला कॅप्टन मिळत नाही. एका विमानामागे साधारण दहा-बारा वैमानिक लागतात. ज्या कंपनीकडे चारच विमानं आहेत, तिचे दोन-तीन कॅप्टन एकाच महिन्यात गेले तर एखादा मार्ग बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं.

मार्ग बंद पडणं ही कल्पनेतली भीती नाही. कॅगने २०२३ मध्ये उडानचा हिशेब मांडला: दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मार्च २०२३ पर्यंत, अनुदान संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग ५४. कोकणातल्या माणसाला यासाठी अहवाल वाचायची गरज नाही. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला, ठाकरे आणि राणे एका व्यासपीठावर आले म्हणून त्या दिवशी विमानापेक्षा व्यासपीठाचीच चर्चा जास्त झाली. लालबाग-परळचे चाकरमानी गणपतीला विमानाने गेले. २०२४ मध्ये तीन वर्षांची मुदत संपली आणि अलायन्स एअरची मुंबई-सिंधुदुर्ग सेवा थांबली.

हे सगळं फक्त वैमानिकांच्या टंचाईमुळे झालं असं मी म्हणणार नाही. मुंबईपुरतं बोलायचं तर मोठं कारण धावपट्टी आहे. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सत्तर आसनांचं एटीआर उतरायला जेवढा वेळ अडवतं तेवढ्यात एकशे ऐंशी आसनांचं एअरबस उतरतं. मग स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, कुणाला मिळणार हे सांगायला नको. जळगाव, नाशिक, कोल्हापूर, सगळ्यांना मुंबईचा हा उंबरठा आडवा आला. पण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून प्रवासी विमानं उडू लागली आहेत. धावपट्टीची सबब यापुढे हळूहळू संपत जाईल. मग उरतील विमानं आणि ती चालवणारी माणसं.

अमेरिकेने हा धडा महागात शिकला. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोलगन एअरचं क्यू ४०० हे टर्बोप्रॉप विमान पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत प्रादेशिक वैमानिकांचं सगळं जगणं चव्हाट्यावर आलं: तुटपुंजे पगार, कामाच्या शहरात घर परवडत नाही म्हणून रात्रभर दुसऱ्याच्या विमानातून प्रवास करून ड्युटीवर येणं, विमानतळाच्या खोलीत झोपणं. त्यानंतर तिथल्या संसदेने सहवैमानिकालाही १५०० तासांची अट घातली. हा उपाय आपल्याकडे जसाच्या तसा आणा म्हणणारे भेटतात. मी त्याच्या विरोधात आहे. अमेरिकेत छोट्या विमानांचा पसारा एवढा आहे की पोरं शिकवण्याचं काम करून, जाहिरातींचे फलक ओढून, सामान वाहून ते तास भरतात. आपल्याकडे तास भरायला जागाच नाही. इथे ती अट म्हणजे आणखी कोटभर रुपये. पण त्या कहाणीचा उत्तरार्ध आपल्या कामाचा आहे. तास लागतात म्हटल्यावर माणसं कमी पडली, आणि अखेर २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा पगार तासाला ९० डॉलरपर्यंत नेला. मोठ्या कंपनीने छोटीचं बिल उचललं, कारण उद्याचे वैमानिक तिथूनच येणार हे तिला कळलं होतं. आपल्याकडे मोठी कंपनी तयार माणूस उचलते आणि बिल मागे ठेवते.

मला जे सुचवायचं आहे त्याला आपल्याच राज्यात नमुना आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या मुलाला वर्षभर सरकारी सेवा द्यावी लागते, नाही तर १० लाखांचा दंड. त्याच्या शिक्षणावर लोकांचा पैसा लागला आहे, म्हणून लोकांचा त्याच्या एका वर्षावर हक्क. उडानच्या निधीतला काही भाग असाच टाइप रेटिंगसाठी बाजूला काढावा. ज्याच्याकडे सीपीएल आहे पण घर गहाण टाकायची ऐपत नाही, त्याची निवड परीक्षेने आणि सिम्युलेटरवरच्या चाचणीने व्हावी. रेटिंगचा खर्च योजनेने करावा. बदल्यात त्याने तीन वर्षं प्रादेशिक मार्गांवर उडावं. कळीची गोष्ट म्हणजे हा बॉण्ड कंपनीशी नसावा, योजनेशी असावा. कंपनी बुडाली तर तो रेटिंग घेऊन त्याच प्रकारचं विमान असलेल्या दुसऱ्या प्रादेशिक कंपनीत जाईल आणि तिथले महिने मोजले जातील. मोठ्या कंपनीने त्याला मुदतीआधी उचललं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे तिने योजनेत भरावेत, त्या पोराने नाही.

डॉक्टरांचा बॉण्ड फसतो, पुष्कळ जण दंड भरून मोकळे होतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण तिथे ते वर्ष डॉक्टरला अडथळा वाटतं, पीजीची वाट अडवणारं. नव्या वैमानिकाला त्या तीन वर्षांत तास मिळतात, आणि या धंद्यात तास हीच कमाई. जी गोष्ट त्याला हवीच आहे, तिच्यासाठी त्याला डांबून ठेवावं लागणार नाही. तीन वर्षांनी तो जाईल हे आधीच धरून रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, आखता येईल; आज तो कधी जाईल याच्या भीतीवर आखलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: प्राथमिक शाळांना छप्पर नाही आणि तुम्ही पायलटांना शिष्यवृत्त्या वाटणार? हा आक्षेप घेणाऱ्याने उडानच रद्द करायची मागणी करावी, मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण योजना ठेवायची, आसनांना पैसे द्यायचे, आणि त्याच विमानाच्या कॉकपिटमध्ये बसायची संधी फक्त घराचे कागद असलेल्यांना, हे जमणार नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानात उतरले. देशातला पहिला वैमानिक परवाना त्यांच्याकडे होता, १९२९ सालचा, आणि ते टाटांच्या घरातले होते. त्या काळात दुसरं कोण उडणार होतं? पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं आणि टपालविमान पुण्याहून उडवावं लागायचं, इतका तो कच्चा संसार होता. आता अमरावतीत एअर इंडिया वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची अकादमी उभारते आहे, धुळे, शिरपूर, गोंदिया, बारामती इथे फ्लाइंग स्कूल आहेत. शिकवायच्या जागा खेड्यापाड्यांजवळ आल्या, पण शिकायला येणारी मुलं त्याच घरांतली. बेलोऱ्याच्या कुंपणापलीकडच्या गावातली मुलगी त्या अकादमीत फी भरून शिकेल, असं निदान आजच्या दरात तरी दिसत नाही.

बाकी तपशिलांवर तज्ज्ञांनी भांडावं. ट्रेनिंग कॅप्टन कुठून आणायचे हा त्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, कारण शिकवायला बसलेला कॅप्टन म्हणजे रोस्टरमधून कमी झालेला कॅप्टन; त्याच्या तासांचा मोबदलाही योजनेतूनच द्यावा लागेल. कंपनीच्या स्वतःच्या बॉण्डची रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नसावी आणि ती दर महिन्याला उतरत जावी, एवढं तर डीजीसीएला नव्या योजनेशिवायही करता येईल. मार्गाच्या निविदेत आज विमान, आसनं, फेऱ्या आणि मागितलेलं अनुदान विचारतात. त्यात आणखी दोन रकाने वाढवावेत: या मार्गासाठी किती वैमानिक तुमच्याकडे आज आहेत, आणि तीन वर्षांत किती नवे घडवणार. उत्तर कोरं असेल तर मार्ग देऊ नये. नवी मुंबईत लहान विमानांना जागा आणि सवलती देतानाही राज्य सरकारला हेच विचारता येईल. त्या विमानतळात सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे. हे आमच्या हातात नाही, असं निदान तिथे तरी म्हणता येणार नाही.